गोळी तीच, आकडा वेगळा: औषध-चाचणीची पद्धत आता कशी बांधतात

अंगदुखीवर कुठल्याही केमिस्टकडे मिळणारी एक गोळी घेऊ: ॲसिक्लोफिनॅक १०० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. बॅच बाजारात जाण्याआधी त्यातल्या वीस गोळ्या खलात घोटतात आणि त्या भुकटीत औषध किती आहे ते मोजतात. समजा, हद्द ९५.० ते १०५.० टक्के ठरली आहे. हिंजवडीच्या प्रयोगशाळेत ॲसिक्लोफिनॅकचा आकडा आला ९६.०. तीच भुकटी सोलापूर रस्त्यावर कुरकुंभच्या कारखान्यात मोजली, तर आला ९४.७. आता पास म्हणायचं की नापास?

अशा भांडणाचं मूळ बऱ्याचदा गोळीत नसतं, मोजण्याच्या पद्धतीत असतं. मोजायचं यंत्र बहुतेक वेळा एचपीएलसी. त्यात औषधाचं द्रावण दाबाखाली बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचं पीक दिसतं. (शेतातलं नव्हे, आलेखातलं टोक.) पिकाच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढायचं.

ही पद्धत बसवण्याची जुनी रीत सगळ्या प्रयोगशाळांना पाठ आहे. हाताशी असलेला सी-१८ (नेहमीच्या वापरातला) कॉलम लावायचा, त्यातून वाहणाऱ्या द्रवाचा पीएच थोडा बदलून बघायचा, मग त्यातलं ॲसिटोनायट्राइल हे द्रावक थोडं वाढवायचं, पिकं सुटी दिसली की थांबायचं. मग व्हॅलिडेशन (पद्धत भरवशाचा आकडा देते याची पडताळणी), सह्या, फाइल बंद. पद्धत त्या दिवशी, त्या कॉलमवर, त्या हातांनी चालली एवढंच त्यातून सिद्ध होतं. ती कुठपर्यंत चालेल आणि कुठे मोडेल, हे कोणालाच ठाऊक नसतं.

व्हॅलिडेशनचे नियम आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ आणि १९९६ मध्ये दोन भागांत आणले, २००५ मध्ये एकत्र केले. पण पद्धत ‘तपासायची’ कशी हे त्यात होतं. ती ‘बांधायची’ कशी, यावर मार्गदर्शक यायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. तेव्हा व्हॅलिडेशनचं सुधारलेलं मार्गदर्शक क्यू-२ आर-२ आणि पद्धत बांधण्याचं नवं क्यू-१४ एकत्र मंजूर झालं. त्याआधी मे २०२२ मध्ये अमेरिकी फार्माकोपियाचं (औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथाचं) १२२० क्रमांकाचं प्रकरण लागू झालं होतं, तेही याच विचाराचं. क्यू-१४ दोन वाटा देतं: एक किमान, म्हणजे जुनीच पण नीट लिहून ठेवलेली, दुसरी विस्तारित. पुढचं सगळं त्या दुसऱ्या वाटेबद्दल.

आकडा किती खरा हवा?

नव्या रीतीत कॉलमला हात लावण्याआधी एक वाक्य लिहायचं असतं. त्याला ॲनालिटिकल टार्गेट प्रोफाइल, म्हणजे एटीपी म्हणतात. आपल्या गोळीसाठी ते असं असेल: ‘पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक आणि गोळीतली बाकीची द्रव्यं सोबत असताना, लेबलवरच्या प्रमाणाच्या ८० ते १२० टक्के टप्प्यात, ॲसिक्लोफिनॅकचा कळवलेला आकडा खऱ्या आकड्याच्या ±२ टक्क्यांत असण्याची शक्यता किमान ९५ टक्के असावी.’ (डायक्लोफिनॅक कुठून आलं ते पुढे.) यात एचपीएलसीचं नावही नाही. कशाने मोजायचं हे नंतर, काय हवंय ते आधी. या सगळ्या नव्या रीतीतून एकच गोष्ट उचलायची तर ती ही उचलावी, असं आमचं मत आहे.

कारण या वाक्यातून लगेच हिशेब सुरू होतो. समजा, इंजेक्शनमुळे, म्हणजे द्रावण यंत्रात सोडण्यामुळे, येणारा फरक, म्हणजे प्रमाणित विचलन, ०.३ टक्के आहे आणि नमुना तयार करण्यामुळे येणारा ०.९ टक्के. एकच नमुना केला आणि तो सहा वेळा इंजेक्ट केला, तर सरासरीचं विचलन ०.९१ राहतं. सहा इंजेक्शनांनी जवळजवळ काहीच पदरात पडलं नाही. त्याऐवजी तीन नमुने वेगवेगळे वजन करून केले आणि प्रत्येकी एकदाच इंजेक्ट केले, तर ते ०.५५ वर येतं. निम्मी इंजेक्शनं आणि कितीतरी चांगला आकडा.

आता हे हद्दीशी जोडून बघा. गोळीत खरोखर ९६.० टक्के औषध आहे, म्हणजे माल चांगला आहे. ०.९१ विचलनाची पद्धत तिला शंभरातून साधारण १४ वेळा ९५ च्या खाली दाखवेल, ०.५५ ची पद्धत तीन-चार वेळा. कुरकुंभचा ९४.७ त्या चौदांतला एक असू शकतो. चौकशी, पुन्हा चाचणी, अडकलेली बॅच असा जो खर्च होतो, तो गोळीचा नसतो, एका नमुन्याच्या सहा इंजेक्शनांचा असतो.

एक खाचखळगा इथेच सांगायला हवा. तीन नमुने एकाच स्टँडर्डशी (शुद्धता माहीत असलेल्या औषधाच्या द्रावणाशी) ताडले, तर त्या स्टँडर्डच्या वजनातली चूक तिन्हींत सारखीच शिरते, सरासरीने धुतली जात नाही. ०.१ मि.ग्रॅ.पर्यंत वाचणाऱ्या काट्यावर १० मि.ग्रॅ. स्टँडर्ड तोलणं म्हणजे काट्याचं एकच घर एक टक्क्याचं. पन्नास मि.ग्रॅ. घ्या, नाहीतर पाच दशांशांचा काटा वापरा. आणि स्टँडर्ड दोनदा स्वतंत्र तोलून दोघांचे प्रतिसाद जुळतात का ते पाहा.

पीएच: खरी गोम इथे आहे

ॲसिक्लोफिनॅक पाण्याने, त्यातही अल्कलीत, फुटतं आणि डायक्लोफिनॅक बनतं. म्हणजे गोळी जुनी होताना आत दुसरंच औषध तयार होत असतं, आणि ही दोन पिकं कॉलमवर शेजारी-शेजारी येऊ शकतात. दोन्ही आम्लं. आम्ल किती प्रमाणात भारित आहे यावर ते कॉलमवर किती वेळ थांबणार हे ठरतं, आणि ते प्रमाण पीएच ठरवतो.

हिशेबासाठी पीकेए (ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू भारित होतात तो आकडा) ४.० धरू, डायक्लोफिनॅकचा त्याच्या आसपासच असतो. पीएच ४.० वर निम्मे रेणू भाररहित. बफर (पीएच स्थिर धरणारं द्रावण) करताना हात ०.२ ने चुकला, तर हे प्रमाण ६१ टक्के होईल किंवा ३९ टक्के. पिकं मिनिटामिनिटाने सरकतील. तेच पीएच २.५ ठेवला, तर ±०.२ च्या चुकीत प्रमाण ९८ ते ९५ टक्क्यांत राहतं, पिकं जागची हलत नाहीत. शिवाय दोघांचा पीकेए अगदी सारखा नसल्याने पीकेएजवळ दोघं सारख्या पावलांनी सरकतही नाहीत. एक दुसऱ्याच्या अंगावर येतं. अमेरिकी आणि युरोपीय फार्माकोपियांत बफरचा पीएच ±०.२ ने हलवायला मुभा असते. चुकीच्या जागी बांधलेली पद्धत या मुभेतच बुडते.

बफरची निवडही डोळे उघडे ठेवून करावी. फॉस्फेटचे पीकेए सुमारे २.१५ आणि ७.२. म्हणजे २.५ ला तो भक्कम धरतो, पण ४.५ ला त्याच्यात काही जीव नसतो. तरीही ‘फॉस्फेट बफर पीएच ४.५’ असलेल्या पद्धती सर्रास दिसतात. आपल्या कामासाठी लिटरभर पाण्यात २.७२ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट (म्हणजे २० मिलिमोलर), ऑर्थोफॉस्फोरिक आम्लाने पीएच २.५, तोही ॲसिटोनायट्राइल मिसळण्याआधी मोजलेला. पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० च्या बफरने लावून २.५ मोजू नका. तो आकडा त्या दोघांच्या बाहेर पडतो. १.६८ आणि ४.०१ ने लावा. ग्रेडियंटमध्ये, म्हणजे मोजणी चालू असताना ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण वाढवत नेताना, ते ७० टक्क्यांच्या वर नेलं तर फॉस्फेट साका होऊन बसण्याची भीती, आणि मग पंपाच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती आलीच.

पीएच २.५ ची किंमतही मोजावी लागते. पॅरासिटामॉलमधली महत्त्वाची अशुद्धी म्हणजे ४-ॲमिनोफिनॉल. ते अल्कधर्मी असल्याने या पीएचला पूर्ण भारित होतं आणि कॉलमवर न थांबता, न धरलेल्या द्रव्यांबरोबर पुढे निघून जातं. शिवाय द्रावणात ठेवलं की हवेने काळवंडतं. अशा वेळी सगळं एकाच पद्धतीत कोंबायचा मोह होतो. आमचा सल्ला: एटीपी दोन लिहा, पद्धती दोन करा. चार घटकांची एकच ‘सर्वसमावेशक’ पद्धत शोधनिबंधात छान दिसते, रोजच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता-तपासणीत, गळ्यात पडते.

शुद्ध दिसणारं पीक

पद्धत अशुद्धी वेगळ्या दाखवते का, हे पाहायला औषध मुद्दाम बिघडवतात: ०.१ नॉर्मल आम्ल, ०.१ नॉर्मल अल्कली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता, आणि आयसीएचच्या मोजपट्टीने किमान १२ लाख लक्स-तास प्रकाश. ५ ते २० टक्के बिघाड पुरे. ॲसिक्लोफिनॅकला अल्कलीत तासन्‌तास उकळलं तर जे सापडेल ते गोळीत कधीच बनणार नाही.

मग पीडीए डिटेक्टरवर ‘पीक प्युरिटी’ पाहतात आणि पास आली की निर्धास्त होतात. इथे फसगत आहे. पीडीए पिकाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा वर्णपट ताडून पाहतो. पण ॲसिक्लोफिनॅक आणि डायक्लोफिनॅक या दोघांचा वर्णपट जवळजवळ एकसारखा, दोघांचं टोक २७५ नॅनोमीटरच्या आसपास. डायक्लोफिनॅक पिकाखाली दडून बसलं तरी पीडीए ‘शुद्ध’ म्हणेल. खरी परीक्षा अशी: डायक्लोफिनॅकचं स्टँडर्ड नमुन्यात वरून टाकून पाहा, किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ३५४ आणि २९६ ही वस्तुमानं वेगवेगळी शोधा.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर तासन्‌तास वाद होतात. ॲसिक्लोफिनॅकचा रेणुभार ३५४.२, डायक्लोफिनॅकचा २९६.१. म्हणजे १ मि.ग्रॅ. पहिलं पूर्ण फुटलं तर दुसरं ०.८४ मि.ग्रॅ.च मिळणार. उरलेला तुकडा म्हणजे ग्लायकोलिक आम्ल, आणि ते २७५ ला दिसतच नाही. ‘वस्तुमान जुळत नाही, कुठलीतरी अशुद्धी सुटतेय’ अशी हाकाटी करण्याआधी हा गुणाकार करावा.

धुक्यात सिंहगड

आता प्रयोगांची आखणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची जुनी सवय म्हणजे धुक्यात सिंहगडाचा माथा शोधणं: आधी फक्त पूर्व-पश्चिम चालायचं, जिथे चढ संपेल तिथून फक्त उत्तर-दक्षिण. सोंड तिरकी असली की मध्येच कुठेतरी थांबाल आणि त्यालाच माथा म्हणाल. पीएच, तापमान आणि ग्रेडियंटचा उतार हे तिघं एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तिघांना एकत्र हलवावं लागतं. तीन घटक, प्रत्येकी दोन पातळ्या, म्हणजे आठ प्रयोग. वाकण समजून घ्यायचं तर त्यात अक्षांवरचे सहा आणि मध्यबिंदूचे सहा मिळवून वीस. घटक जास्त असतील तर आधी चाळणी लावा: प्लॅकेट-बर्मन आखणीत बारा प्रयोगांत अकरा घटकांपर्यंत चाळता येतात.

यात प्रत्यक्षात कुठे अडतं? पहिलं, पीएच. संगणक प्रयोगांचा क्रम पिसून देतो, पण दर प्रयोगाला पीएच बदलला तर कॉलम स्थिरावायला निदान १०-१५ कॉलम-आकारमानं मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) लागते. १५० × ४.६ मि.मी. कॉलमला १५ ते २३ मि.ली. तेवढं थांबायचा कंटाळा केला की येणारे आकडे अर्धवट स्थिरावलेल्या कॉलमचे असतात. एका पीएचचे प्रयोग एकत्र करा आणि विश्लेषणात ते गट म्हणून सांगा. त्यासाठी ‘स्प्लिट-प्लॉट’ आखणी असते.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बहुतेक जण दोन पिकांतलं रिझोल्यूशन, म्हणजे ती एकमेकांपासून किती सुटी आहेत त्याचा आकडा, हाच प्रतिसाद धरून सूत्र बसवतात. पण पिकं एकमेकांना ओलांडून जातात तेव्हा रिझोल्यूशन शून्यावर येऊन पुन्हा वाढतं, आलेख इंग्रजी व्ही सारखा होतो. त्यावर गुळगुळीत वक्र बसवला की संकटाची जागाच नकाशावरून पुसली जाते. प्रत्येक पिकाचा रिटेन्शन टाइम (बाहेर पडायची वेळ) आणि रुंदी वेगळी बसवा, रिझोल्यूशन त्यातून काढा.

तिसरं, सुरक्षित क्षेत्राची कड. ज्या पट्ट्यात पद्धत बिनघोर चालते त्याला क्यू-१४ मध्ये मेथड ऑपरेबल डिझाइन रीजन म्हणतात, बोलताना ‘मॉडर’. नकाशावर रिझोल्यूशन २.० ची रेष काढून आतला भाग हिरवा रंगवला की काम झालं असं वाटतं. पण ती रेष सरासरीची असते. बरोबर रेषेवर काम केलं तर निम्म्या वेळा २.० च्या खाली जाल. नाणेफेकच ती. म्हणून अनिश्चितता धरून, ९५ टक्के वेळा तरी २.० च्या वर राहणारं आतलं क्षेत्र घ्यायचं आणि त्याच्या कोपऱ्यांवर प्रत्यक्ष प्रयोग करून पाहायचे. एवढं केलं आणि नियामकाने ते क्षेत्र मंजूर केलं, की त्याच्या आत पीएच-तापमान हलवायला पुन्हा परवानगी लागत नाही. कंपन्यांना या रीतीत रस वाटतो तो मुख्यतः यासाठी.

सरळ सांगायचं तर, आठ मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या दोन पिकांसाठी रंगीत त्रिमितीय आलेख काढणारे प्रबंध कशालाच उपयोगाचे नसतात. जिथे भांडण नाही तिथे पंचायत कशाला बोलवायची?

फ्लास्क, फिल्टर आणि गुरुवार

कॉलमचं कौतुक सगळे करतात, पण ते ०.९ टक्के आले कुठून? नमुन्यातून. ॲसिक्लोफिनॅक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला मिथेनॉलसारखं काहीतरी हवं. पॅरासिटामॉल मात्र कॉलमवरून लवकर सुटतं, आणि निव्वळ मिथेनॉलमधलं २० मायक्रोलिटर इंजेक्शन दिलं की त्याचं पीक पुढे ओघळतं किंवा दुभंगतं. तोडगा: आधी मिथेनॉलमध्ये विरघळवा, मग दुसऱ्या पायरीत मोबाइल फेजच्या जवळच्या मिश्रणाने पातळ करा आणि इंजेक्शन ५ ते १० मायक्रोलिटरवर आणा.

सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी औषध विरघळवणारी पाण्याची टाकी) अर्धा तास चालला की टाकीतलं पाणी चांगलंच तापतं. मिथेनॉल दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के फुगतं. फ्लास्क दहा अंश गरम असतानाच खुणेपर्यंत भरला, तर थंड झाल्यावर पातळी खाली येते, द्रावण १.२ टक्के घट्ट होतं आणि आकडा तेवढाच वर जातो. टाकीत बर्फाचे तुकडे टाका, आणि फ्लास्क खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय खूण गाठू नका. फिल्टरही औषध धरून ठेवू शकतो: तेच द्रावण एकदा सेंट्रिफ्यूज करून, एकदा गाळून मोजा, पहिले २, मग ५ मि.ली. टाकून दिल्यावर फरक जातो का ते पाहा आणि तेवढे टाकायचे असं पद्धतीत लिहा.

पुण्यातला गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याचा वार. जनरेटर लागेपर्यंत ऑटोसॅम्पलर (नमुने आपोआप इंजेक्ट करणारा भाग) थांबला आणि द्रावणं रात्रभर ट्रेमध्ये राहिली, तर ॲसिक्लोफिनॅक तिथेही फुटू शकतं. म्हणून ०, ६, १२, २४ आणि ४८ तासांना तेच द्रावण मोजून, खोलीत किती वेळ टिकतं आणि ५ अंशांच्या ट्रेमध्ये किती, हे आधीच ठरवून ठेवायचं.

मेचा उकाडा हा दुसरा पुणेरी घटक. पद्धतीत ‘कॉलम तापमान २५ अंश’ लिहिलेलं असतं, पण थंड करायची सोय नसलेला ओव्हन खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही. रात्री एसी बंद, खोली ३२ वर, कॉलमही ३२ वर. दर अंशाला रिटेन्शन साधारण एक-दोन टक्के घटतं. ३५ किंवा ४० अंश ठेवा, प्रश्न मिटला.

कधी पद्धतच अशुद्धी बनवते

२०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हल्सार्टनमध्ये एनडीएमए हे नायट्रोसामाइन (कर्करोगाचा धोका असलेलं रसायन) सापडलं आणि सगळ्या पद्धतींची कसोटी लागली. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही त्याची हद्द. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचा दिवसाचा डोस २,५५० मि.ग्रॅ. धरला तर हे प्रमाण ०.०३८ पीपीएम (दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम) पडतं. मेटफॉर्मिनमध्ये डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकाचा अंश असला, तर त्याच्या जड नायट्रोजनवाल्या रेणूचं वस्तुमान ७५.०५७ येतं, एनडीएमएचं ७५.०५५. साध्या यंत्राला दोघं एकच दिसतात आणि नसलेलं एनडीएमए मोजलं जातं. उपाय: दोघांना कॉलमवरच वेगळं करा, शिवाय उच्च विभेदनाचं मास स्पेक्ट्रोमीटर वापरा. आम्लपित्तावरच्या रॅनिटिडीनची गोष्ट आणखी निराळी. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापवला की रॅनिटिडीन स्वतःच फुटून एनडीएमए देतं. औषधात ते होतंच, पण तापवून मोजलेला आकडा त्याच्या कितीतरी पट फुगलेला असतो.

हिंजवडी ते कुरकुंभ

आता त्या ९४.७ कडे परत येऊ. एकच नमुना आणि सहा इंजेक्शनं हे कारण वर आलंच. कॉलम, बफर, माणूस हे बहुतेक वेळा तपासलं जातं. विसरतात ते ड्वेल व्हॉल्यूम, म्हणजे पंपात मिश्रण झाल्यापासून कॉलमच्या तोंडापर्यंतची जागा. नव्या यंत्रात ती ०.४ मि.ली. असेल, कारखान्यातल्या जुन्या यंत्रात १.२. मिनिटाला १ मि.ली. वेगाने ग्रेडियंट तिथे ०.८ मिनिट उशिरा पोचतो. आधी सुटणारं पॅरासिटामॉल जागेवर राहतं, मागची जोडी सरकते, डायक्लोफिनॅक ॲसिक्लोफिनॅकच्या पायथ्याशी घुसतं आणि संगणक पिकाची सीमा भलतीकडे आखतो.

ड्वेल व्हॉल्यूम मोजणं दहा मिनिटांचं काम आहे. कॉलमच्या जागी बारीक नळी जोडा, दुसऱ्या बाटलीत ०.१ टक्के ॲसिटोन घातलेलं पाणी ठेवा, दहा मिनिटांत शून्यापासून शंभर टक्क्यांचा ग्रेडियंट द्या आणि २६५ नॅनोमीटरवर रेघ निम्म्यावर कधी पोचते ते पाहा. ती पाच मिनिटांऐवजी ६.२ ला पोचली आणि वेग १ मि.ली. असेल, तर ड्वेल १.२ मि.ली. पद्धत लिहितानाच ग्रेडियंटच्या सुरुवातीला मिनिटभर स्थिर टप्पा ठेवला, की जुन्या यंत्रावर तो ०.८ ने कमी करून दोन्हीकडची पिकं जुळवता येतात.

त्यानंतर रोजचं काम उरतं. दर रनमधलं जोडीचं रिझोल्यूशन, स्टँडर्डचा प्रतिसाद आणि एका राखून ठेवलेल्या भुकटीचा आकडा एका तक्त्यावर मांडत जायचं. रिझोल्यूशन महिन्याभरात २.६ वरून २.२ वर घसरलं आणि राखीव भुकटी मात्र जागच्या जागी असेल, तर कॉलम म्हातारा झालाय. राखीव भुकटीच खाली जात असेल आणि स्टँडर्ड ठीक असेल, तर सॉनिकेटर, फिल्टर आणि फ्लास्क तपासायला घ्या.